ओल्ड नंबर वन

१९२९च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल माँ शहराजवळ चोवीस तासांच्या शर्यतीत एक हिरवी बेंटली उतरली. तिच्या अंगावर १ हा आकडा होता. ती पहिली आली. पुढच्या वर्षी ४ हा आकडा लावून ती पुन्हा उतरली आणि पुन्हा पहिली आली. एकाच गाडीने ल माँ दोनदा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतरच्या नऊ दशकांतही हा मान फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आला. पहिल्या विजयाच्या वेळचा आकडाच तिला नाव म्हणून चिकटला: ओल्ड नंबर वन.

तिच्या आयुष्यात मोठे विजय आहेत, एक जीवघेणा अपघात आहे आणि एक खटलाही आहे. ल माँच्या विजयांना साठ वर्षं उलटल्यावर लंडनच्या न्यायालयात प्रश्न उभा राहिला, की या नावाने आज जी गाडी ओळखली जाते ती खरोखर तीच आहे का? वरवर पाहता हा धनिकांच्या खरेदी-विक्रीतला वाद वाटतो. पण त्याचं उत्तर शोधताना दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीचं मर्म हाती लागतं. चोवीस तास पळणारी गाडी सतत झिजत असते. झिजलेलं ओळखणारी आणि वेळेवर बदलणारी माणसं तिच्यामागे उभी असतात, म्हणून ती टिकते. ओल्ड नंबर वनचं सगळं आयुष्य हेच सांगतं.

रेल्वेच्या कारखान्यातला उमेदवार

वॉल्टर ओवेन बेंटली यांना सगळे ‘डब्ल्यू.ओ.’ म्हणत. जन्म १८८८चा. सोळाव्या वर्षी ते डॉन्कास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागले आणि वाफेच्या इंजिनांवर काम करत यंत्रविद्या शिकले. पुढे भावाबरोबर त्यांनी लंडनमध्ये डीएफपी या फ्रेंच मोटारी विकायला घेतल्या. त्या गाड्यांत त्यांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन बसवून पाहिले. पिस्टन हलके झाले तसं इंजिन अधिक वेगाने फिरू लागलं. पहिल्या महायुद्धात हा अनुभव विमानांच्या कामी आला. त्यांनी रचलेलं बीआर-१ हे इंजिन ब्रिटिशांच्या सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानांना बसवलं गेलं. युद्ध संपलं आणि १९१९मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात होता. तीन लिटरची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडायला १९२१ साल उजाडलं.

रेल्वेच्या कारखान्यातली एक रीत इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाफेचं इंजिन मोठ्या दुरुस्तीला आलं, की त्याचा बॉयलर उतरवून दुसऱ्या इंजिनाचा, आधीच दुरुस्त करून ठेवलेला बॉयलर त्यावर चढवत. चाकं बदलत, नळ्या बदलत. तरी इंजिनाचा क्रमांक तोच राही, त्याची नोंदवही तीच राही आणि त्याला दुसरं इंजिन कोणी म्हणत नसे. डब्ल्यू.ओ. घडले ते या वातावरणात.

ल माँची परीक्षा

ल माँची शर्यत १९२३मध्ये सुरू झाली. रोजच्या वापरातल्या मोटारी, त्यांचे दिवे, त्यांचे ब्रेक किती भरवशाचे आहेत हे कसाला लावावं, हा आयोजकांचा हेतू होता. शर्यत सार्वजनिक रस्त्यांवर होई. हे रस्ते खडीचे आणि धुळीचे होते, आणि रात्री गाडीच्या दिव्यांखेरीज कसलाच उजेड नसे. सलग चोवीस तास कुठलीच मोटार असा मारा सोसणार नाही, असं डब्ल्यू.ओं.चं मत होतं. जॉन डफ या त्यांच्या गिऱ्हाइकाने मात्र स्वतःची तीन लिटरची बेंटली घेऊन नाव नोंदवलं. कंपनीचे चालक फ्रँक क्लेमेंट त्याच्या जोडीला गेले, आणि अगदी ऐनवेळी डब्ल्यू.ओ.ही पाहायला गेले.

त्या गाडीला पुढच्या चाकांचे ब्रेकच नव्हते. उडालेल्या दगडाने एक दिवा फुटला. दुसऱ्या एका दगडाने पेट्रोलच्या टाकीला भोक पाडलं आणि गाडी लांब रस्त्यात कोरडी पडली. डफ पळत तळावर आले, आणि क्लेमेंट पेट्रोलचे डबे घेऊन सायकलवरून गाडीपर्यंत गेले. टाकीचं भोक बुजवून गाडी पुन्हा पळाली आणि संयुक्त चौथी आली. शर्यत संपेपर्यंत डब्ल्यू.ओं.चं मत पार बदललं होतं. पुढच्या वर्षी, १९२४मध्ये, डफ आणि क्लेमेंट याच जोडीने ल माँ जिंकली.

मग दोन वर्षं अपयशाची गेली. त्यातली १९२५ची चूक फार शिकवणारी आहे. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वीस फेऱ्या गाडीचा कापडी टप लावून पळावं लागे आणि तेवढ्या काळात पेट्रोल भरता येत नसे. टप लावला की वाऱ्याचा विरोध वाढतो आणि पेट्रोल जास्त लागतं. हा हिशेब चुकला. बेंटलीची एक गाडी वीस फेऱ्या पुऱ्या होण्याआधीच पेट्रोल संपून रस्त्यात उभी राहिली. इंजिन ठणठणीत होतं, चालक उत्तम होता, गणित तेवढं चुकलं होतं. त्यानंतर बेंटलीच्या तळावर प्रत्येक गोष्टीची रंगीत तालीम होऊ लागली. टप किती सेकंदांत बसतो, टाकी किती वेळात भरते, चाक बदलायला किती वेळ लागतो, हे सगळं घड्याळ लावून पाहिलं जाई. शर्यतीत गाडीला हात लावायची परवानगी चालकालाच होती आणि लागणारी हत्यारं व सुटे भाग गाडीतच न्यावे लागत. त्यामुळे चालकाला पान्याचं कामही तितकंच सफाईने यावं लागे.

१९२७मध्ये या तयारीची कसोटी लागली. संध्याकाळी ‘मेझों ब्लाँश’, म्हणजे पांढऱ्या घराजवळच्या वळणावर एक फ्रेंच गाडी आडवी झाली आणि बेंटलीच्या तिन्ही गाड्या एकामागून एक त्या अपघातात सापडल्या. दोन तिथेच संपल्या. तिसरीची चासी वाकली होती, पुढचा ॲक्सल वाकला होता, एक दिवा गेला होता. सॅमी डेव्हिस आणि डॉ. बेंजाफील्ड यांनी ती वाकडीतिकडी गाडी रात्रभर हाकली आणि जिंकली. पुढे लंडनच्या सॅवॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली, तेव्हा ती गाडीच मानाची पाहुणी म्हणून दालनात आणून उभी केली होती. १९२८मध्ये पुन्हा तसंच. जिंकणाऱ्या साडेचार लिटरच्या बेंटलीची चासी शर्यतीतच तडकली, रेडिएटरचा पाइप निसटून पाणी गेलं, आणि चालकाने शेवटच्या फेऱ्या इंजिनाला जपत जपत काढल्या. हा चालक होता वुल्फ बार्नाटो.

हिऱ्यांचा वारस

बार्नाटोचे वडील बार्नी बार्नाटो दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून अफाट श्रीमंत झाले होते. वुल्फ दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते वारले. मुलाच्या हाती मोठी संपत्ती आली. अंगाने धिप्पाड असलेला हा माणूस घोडेस्वारी करी, मुष्टियुद्ध खेळे आणि सरे संघाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळताना यष्टिरक्षण करी. १९२६मध्ये बेंटली कंपनी पैशांअभावी मेटाकुटीला आली, तेव्हा बार्नाटोने तिच्यात पैसे घातले आणि तो अध्यक्ष झाला.

पैसेवाला अध्यक्ष स्वतःच गाडी चालवणार म्हटल्यावर कारखान्यातल्या माणसांना धाकधूक वाटणं साहजिक होतं. पण बार्नाटोने शिस्त पाळली. तळावरून ‘वेग कमी कर’ अशी पाटी दाखवली की तो वेग कमी करी. तो ल माँला तीन वेळा उतरला, १९२८, १९२९ आणि १९३० या साली, आणि तिन्ही वेळा जिंकला. जितक्यांदा उतरला तितक्यांदा जिंकला, असा तीन विजयांचा दुसरा चालक ल माँच्या इतिहासात नाही.

न उडणारं गॅस्केट

ओल्ड नंबर वन ही ‘स्पीड सिक्स’ या जातीची. साडेसहा लिटरच्या बेंटलीची ही वेगवान आवृत्ती १९२८मध्ये बाजारात आली आणि १९३०पर्यंत तिच्या सगळ्या मिळून १८२ गाड्या बनल्या. इंजिन सहा सिलिंडरचं, सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर, पिस्टनची धाव १४० मिलिमीटर, एकूण ६,५९७ घन सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग होते. शर्यतीसाठी सज्ज केलेलं इंजिन सुमारे २०० अश्वशक्ती देई.

या इंजिनातल्या दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे त्याला सुटं हेड नव्हतं. सिलिंडरचा ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात ओतलेले होते. हेड गॅस्केट उडणं हे लांबच्या प्रवासात इंजिनावर येणारं मोठं संकट. पण सांधाच नाही म्हटल्यावर गॅस्केट नाही आणि गॅस्केटच नाही तर ते उडणार कुठून? त्याची किंमतही मोजावी लागे. व्हॉल्व्ह घासायचे झाले तर अख्खा ब्लॉकच उचलून काढावा लागे. ते काम कारखान्यात निवांत करता येत होतं. रस्त्यावर मध्यरात्री ते करायची वेळ येऊ नये, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट कॅमशाफ्टची. व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर होता आणि त्याला खालून गती द्यायची होती. साखळी सैल पडते, गिअरचे दात आवाज करतात. डब्ल्यू.ओं.नी इंजिनाच्या मागच्या बाजूला तीन दांडे उभे बसवले. खालच्या शाफ्टवरच्या तीन विकेंद्री चकत्या हे दांडे वरखाली करत आणि त्यांच्यामुळे वरचा कॅमशाफ्ट फिरे. वाफेच्या इंजिनाची चाकं एकमेकांना जोडणारा आडवा दांडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना कुठून आली ते लगेच समजेल. डॉन्कास्टरच्या उमेदवारीत शिकलेली युक्ती वीसेक वर्षांनी मोटारीत उतरली. हे इंजिन त्यामुळे मोठं असूनही शांत चाले.

या सगळ्याला पेलायला ३.३५ मीटर चाकांतराची दणकट चासी होती आणि तिच्यावर लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडी आवरणाची हलकी बॉडी. लंडनच्या व्हँडन प्लास या कारागिरांनी ती बांधली होती. पत्र्याची बॉडी खडबडीत रस्त्यावर हादरून तडकते; कापड ताण खातं, तडकत नाही.

दोन विजय

१९२९च्या शर्यतीत बार्नाटोच्या जोडीला टिम बर्किन होता. तो फार वेगवान आणि तितकाच धाडसी चालक. शर्यतीचा मार्ग नव्याने आखल्यामुळे एक फेरी आता १६.३४ किलोमीटरची झाली होती. बर्किनने एक फेरी ताशी सुमारे १३३ किलोमीटर वेगाने मारली. बेंटली इतक्या पुढे गेल्या की डब्ल्यू.ओ. चालकांना वेग कमी करायला सांगत राहिले. चालक कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं. चोवीस तासांत स्पीड सिक्सने २,८४३ किलोमीटर कापले. तिच्या मागून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही साडेचार लिटरच्या बेंटलीच आल्या. दोन आठवड्यांनी इंग्लंडमधली ब्रुकलँड्सची सहा तासांची शर्यतही याच गाडीने जिंकली. तेव्हा बार्नाटोसोबत जॅक डन्फी होता.

१९३०ची लढत वेगळी होती. समोर मर्सिडीज-बेंझची एकच गाडी होती, पण ती होती एसएसके. सात लिटरहून मोठं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि चालवायला रुडॉल्फ काराचिओला आणि ख्रिस्टियान वेर्नर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. मर्सिडीजमध्ये तो सतत चालत नसे. चालकाने पाय पूर्ण दाबला तरच तो जोडला जाई, आणि तो फार वेळ वापरला तर इंजिनावर ताण येई.

बेंटलीकडे कंपनीच्या तीन स्पीड सिक्स होत्या. त्याखेरीज बर्किनने डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीच्या पैशांवर साडेचार लिटरच्या सुपरचार्जर लावलेल्या बेंटली तयार केल्या होत्या. डब्ल्यू.ओं.ना सुपरचार्जर मुळीच पसंत नव्हता. ताकद हवी तर इंजिन मोठं करावं, लहान इंजिन पिळू नये, असं त्यांचं मत होतं. सुरुवातीलाच बर्किन काराचिओलाच्या मागे लागला आणि मागच्या टायरची चामडी उडत असताना, दोन चाकं गवतात घालून, त्याने त्याला मागे टाकलं. टायर फाटल्यामुळे त्याला थांबावं लागलं, पण मर्सिडीजला सुपरचार्जर वापरतच पळत राहावं लागलं. मग बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांच्या स्पीड सिक्सने पाठलाग पुढे चालवला. आघाडी कधी इकडे, कधी तिकडे. रात्री अडीचच्या सुमाराला मर्सिडीज तळावर आली तेव्हा तिचे दिवे मंद झाले होते. डायनामो बिघडला होता, बॅटरी बसली होती. ती तिथेच थांबली. बर्किनच्या सुपरचार्जर गाड्याही पुढे बाद झाल्या. शेवटी पहिल्या दोन्ही जागा स्पीड सिक्सने घेतल्या. ओल्ड नंबर वनने २,९३० किलोमीटर कापले होते; सरासरी वेग ताशी १२२ किलोमीटर.

वेगापुरतं पाहिलं तर मर्सिडीज आणि बर्किनची गाडी दोन्ही स्पीड सिक्सला भारी होत्या. पण एकीचा डायनामो गेला, दुसरी स्वतःच्याच जोरापुढे टिकली नाही. स्पीड सिक्सने चोवीस तास प्रत्येक भागाकडून तेवढंच मागितलं जेवढं त्याला देता येत होतं. डब्ल्यू.ओं.च्या साऱ्या विचाराचा हा विजय होता.

ब्रुकलँड्सची कड

या विजयानंतर काही दिवसांतच बेंटलीने शर्यतींतून माघार जाहीर केली. जगभर मंदी होती आणि इतक्या महाग गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आठ लिटरची नवी, भव्य बेंटली निघाली, पण तिच्या १०० गाड्या झाल्या आणि कंपनी बुडाली. १९३१च्या नोव्हेंबरमध्ये ती रोल्स-रॉइसने विकत घेतली, आणि तीही एका वित्तसंस्थेला पुढे करून, स्वतःचं नाव आधी उघड न करता. डब्ल्यू.ओ. आता प्रतिस्पर्ध्याचे नोकर झाले. काही वर्षांनी ते लागोंडा कंपनीत गेले.

गाडी मात्र पळत होती. १९३१मध्ये ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर जिंकली. ब्रुकलँड्स हा सरे परगण्यातला सिमेंटचा धावमार्ग. त्याची वळणं एका बाजूला भिंतीसारखी उंच उचललेली होती, म्हणजे गाडी वेग न सोडता वळू शके. इतक्या वेगासाठी गाडीला पुन्हा बदलावं लागे. पुढच्या वर्षी तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं, त्याला साजेशी नव्या मॉडेलची चासी आली.

२४ सप्टेंबर १९३२. पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅकच्या जोडीला त्याचा भाऊ क्लाइव्ह डन्फी होता. क्लाइव्ह बेंटलीच्या जुन्या फळीतलाच. १९३०मध्ये ल माँला त्याने दुसरी एक स्पीड सिक्स चालवली होती. गाडी उंच वळणावर वर सरकली, तिचं चाक कडेवर गेलं आणि ती पलीकडे कोसळली. क्लाइव्ह जागीच ठार झाला. किडस्टन त्याआधी दीड वर्ष दक्षिण आफ्रिकेत विमान अपघातात गेला होता. बर्किन पुढच्या वर्षी गेला. ल माँचा तो जथा तीन वर्षांत विखुरला.

मोडलेली गाडी बार्नाटोने टाकून दिली नाही. ती दुरुस्त करून त्याने तिच्यावर रस्त्यावर वापरायची बंद कूपे बॉडी चढवली. नंतर मालक बदलले, आणि कालांतराने तिला पुन्हा ल माँच्या काळातल्या धाटणीची उघडी बॉडी मिळाली.

न्यायालयात

१९९०मध्ये या गाडीचा सौदा ठरला तो एक कोटी पौंडांना. मग विकत घेणारी कंपनी मागे फिरली. ल माँ जिंकणारी गाडी ही नव्हेच, असं तिचं म्हणणं. विकणारा न्यायालयात गेला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे जाणकारांनी गाडीचा भाग न् भाग तपासून साक्षी दिल्या, आणि जुलै १९९०मध्ये निकाल लागला.

न्यायमूर्तींनी काढलेला हिशेब वाचला तर प्रथम धक्का बसतो. १९२९च्या गाडीतलं, काळ ठरवता येत नाही अशा किरकोळ वस्तू सोडल्या तर, काहीच उरलेलं नाही. १९३०च्या गाडीतले पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच भाग आहेत. १९३२च्या अपघातातल्या गाडीचं मात्र पुष्कळ काही शिल्लक आहे: चासीची चौकट, पाटे आणि त्यांची जोडणी, पुढचा ॲक्सल, मागच्या ॲक्सलचं कवच, मागचे ब्रेक, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर, आठ लिटरचं इंजिन आणि काही मीटर.

एवढं असूनही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. कारण न्यायमूर्तींनी धातूचं वय मोजून थांबायचं नाकारलं. १९२९मधून १९३०मध्ये, तिथून १९३१ आणि १९३२मध्ये येताना प्रत्येक वेळी ही एकच गाडी होती, तिच्यावर शर्यतीच्या गरजेप्रमाणे काम होत गेलं. ती संपली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली, असा क्षण कुठेच दाखवता येत नाही. ज्यांनी तिला बांधलं, पळवलं आणि सांभाळलं, त्यांच्या दृष्टीने ती सतत तीच गाडी होती. १९२९चा किंवा १९३०चा मूळ ऐवज म्हणून ती विकता येणार नाही. पण ओल्ड नंबर वन म्हणून विकता येईल.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. आपल्याकडे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, खांब बदलतात, शिखर नवं चढतं, आणि तरी देऊळ तेच राहतं, कारण पूजा खंडली नाही आणि गावाने ते सोडलं नाही. शर्यतीच्या गाडीचंही तसंच आहे. दर हंगामात सुटे भाग बदलणं हा तिच्या आयुष्यातला अपवाद नव्हता, तो नेमच होता. ते भाग बदलले नसते तर ती १९३०ला ल माँला पोहोचलीच नसती.

नोंद आणि दंतकथा

मूळ धातूचं मोल त्यामुळे कमी होत नाही. जुन्या चासीवर हातोडीच्या खुणा असतात, वेल्डिंगच्या रेषा असतात. त्या काळात काम कसं चाले हे त्यांतून वाचता येतं. जुन्या मोटारींच्या व्यवहारात याच आकर्षणापायी घोळही होतात. कुणाला टाकलेली चासी सापडते, कुणाला इंजिन, आणि त्यांच्याभोवती दुसरी गाडी उभी करून तिला पहिलीचंच नाव दिलं जातं. मग एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या. अशा वेळी अखंड नोंद कुणाकडे आहे, हा प्रश्नच कामाला येतो.

नोंदीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण बार्नाटोच्याच दुसऱ्या बेंटलीत आहे. मार्च १९३०मध्ये त्याने पैज मारली, की भूमध्य समुद्राकाठच्या कानहून आपण स्पीड सिक्स घेऊन निघालो, तर ‘ब्लू ट्रेन’ ही आगगाडी कॅलेला पोहोचण्याआधी आपण लंडनच्या क्लबात पोहोचू. तो पैज जिंकला. पुढे या पराक्रमाशी गर्नी नटिंगने बांधलेल्या एका देखण्या, उतरत्या छपराच्या कूपेचं नाव जोडलं गेलं. चित्रकार टेरेन्स क्युनिओ यांनी ब्लू ट्रेनशी शर्यत लावणारी तीच कूपे रंगवली. पण ती कूपे बार्नाटोच्या हाती आली १९३०च्या मे महिन्यात, पैज झाल्यावर दोन महिन्यांनी. पैजेच्या दिवशी तो वेगळ्याच, साध्या सलून बॉडीच्या स्पीड सिक्समध्ये होता. गाडी सुंदर होती, गोष्ट सुंदर होती, तेवढ्यावर लोकांनी दशकानुदशकं विश्वास ठेवला.

आता आकार जुळूनही नोंद नसल्याचं उदाहरण. २०२२मध्ये बेंटलीने जाहीर केलं, की १९३०च्या शर्यतीच्या गाड्यांबरहुकूम बारा नव्या स्पीड सिक्स बनवल्या जातील. जुन्या आराखड्यांवरून आणि जुन्या गाड्यांच्या मोजमापांवरून त्या बनवायच्या होत्या. मोजमापं जुळवायची झाली तर यातली कुठलीही गाडी १९३०च्या ल माँच्या विजेतीशी आज ओल्ड नंबर वनपेक्षा अधिक जुळेल. तरी तिला कोणी ल माँची विजेती म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. ती उत्तम कारागिरी आहे; तिच्या मागे रात्र नाही.

ओल्ड नंबर वनमध्ये काय टिकलं, याचं सर्वांत नेमकं उत्तर मला वॉली हॅसनच्या आयुष्यात दिसतं. हा मुलगा १९२०मध्ये, पंधराव्या वर्षी, बेंटलीच्या कारखान्यात हरकाम्या म्हणून लागला आणि पुढे शर्यतीच्या गाड्यांचा मेकॅनिक झाला. कंपनी बुडाल्यावर बार्नाटोने त्याला आपल्या गाड्या सांभाळायला ठेवलं. नंतर तो जॅग्वारमध्ये गेला आणि एक्सके इंजिन रचणाऱ्या चमूत त्याने काम केलं. त्या इंजिनाच्या जॅग्वार गाड्यांनी १९५१ ते १९५७ या काळात ल माँ पाच वेळा जिंकली. क्रिकलवुडमध्ये शिकलेला तपासण्याचा, ऐकण्याचा, बदलण्याचा नेम दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या पिढीच्या इंजिनांत जाऊन पुन्हा जिंकला. चषकांवर चालकांची नावं कोरली जातात आणि ती कोरली जायलाच हवीत. पण चोवीस तास टिकणारी गाडी म्हणजे काय, हे ज्यांनी पान्याने आणि तेलकट हातांनी ठरवलं त्या मेकॅनिकांची नावंही या इतिहासात तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजेत.